दादाचा पालक होताना : ताईनंतरचे एक वर्ष

ताई गेली तो दिवस रविवार होता, 18 जून 2023. सकाळी पावणेसातला नौपाड्यातल्या आमच्या घरासमोरच्या काकांचा फोन नाशिकला आला. दादाने त्यांचे दार वाजवून "ताई उठत नाही" असे सांगितल्यामुळे त्यांना कळले होते. शेजाऱ्यांनी तिला जवळच्या रुग्णालयात नेले. हृदयविकाराचा झटका मोठा होता आणि सव्वानऊला सगळे संपले. मी ठाण्यात पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. जवाहर बाग स्मशानभूमीतून संध्याकाळी परतलो, तर दादा गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसला होता. ताई पतपेढीतून परतायची त्या वेळी तो रोज तसाच बसत असे. त्या दिवशी रविवार होता हे त्याच्या हिशेबात बसत नव्हते.

आम्ही तीन भावंडे. ताई बावन्न वर्षांची, दादा एकोणपन्नास वर्षांचा आणि मी पंचेचाळीस वर्षांचा. दादाला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि त्याला फिट्स येतात. वयाने तो माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो, पण माझ्या आठवणीत घरातला धाकटा नेहमी तोच होता. वडील राज्य शासनाच्या पाटबंधारे खात्यात होते. ते 2009 मध्ये गेले आणि आई 2016 मध्ये. त्यानंतर ताईने लग्नाचा विषय कायमचा बंद केला, दादाचे सगळे स्वतःकडे घेतले, आणि मी नाशिकला नोकरी व संसार करीत राहिलो. दर महिन्याला थोडे पैसे पाठवत होतो, गणपतीत आणि दिवाळीत येत होतो, आणि मनात कुठेतरी हे पुरेसे आहे असे धरून चाललो होतो.

पुढच्या वर्षभरात जे करावे लागले, ते मी क्रमाने लिहितो आहे. मला कोणी हे आधी सांगितले असते, तर माझे निदान तीन महिने आणि बरीचशी झोप वाचली असती.

पहिली गोष्ट, मृत्यूचा दाखला. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर माहिती तेच महापालिकेकडे पाठवतात. घरी झाला असेल तर 21 दिवसांच्या आत आपण कळवायचे असते. आमच्या बाबतीत दाखला नऊ दिवसांत मिळाला, पण त्यात चूक निघाली आणि ती माझीच होती. रुग्णालयातला माहितीचा फॉर्म मी त्या दुपारी भरला, तेव्हा वडिलांचे घरी रूढ असलेले नाव लिहिले, कागदोपत्री असलेले नव्हे. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, ताईचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आणखी तीन आठवडे लागले. त्या वेळी हातात आधार कार्ड घेऊनच फॉर्म भरावा, आणि जमल्यास ज्याचे डोके त्या दिवशी ठिकाणावर आहे अशा नातेवाइकाने भरावा. दाखल्याच्या दहा प्रती एकदम घ्याव्यात. मी चार घेतल्या आणि दोनदा परत गेलो.

त्या पहिल्या आठवड्यात घरातली खरी माहिती मला ताईच्या वहीत सापडली. दोनशे पानी निळी वही, पहिल्या पानावर दादाचे नाव आणि रक्तगट. आत सगळे होते: फिट्सची गोळी सकाळी आठला आणि रात्री साडेआठला, "भाताच्या आधी, नंतर दिली तर तोंडात धरून ठेवतो", चहा स्टीलच्या पेल्यात अर्धाच, पूर्ण भरला तर सांडतो आणि मग स्वतःवर रागावतो, शर्टाची बटणे काढून तिथे चिकटपट्टी लावणारी नौपाड्यातली शिवणकाम करणारी बाई, तिचा फोन, दिव्यांगांच्या कार्यशाळेची गाडी संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी येते, पाच मिनिटे उशीर झाला तर दादा गेटशी रडू लागतो. शेवटच्या पानांवर बँकेचे तपशील होते आणि त्यांच्या खाली पेन्सिलने एटीएमचा पिन.

वही असूनही मी चुकलो. तेराव्याच्या गडबडीत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, एका रात्री गोळी राहून गेली. पहाटे चारला दादाला फिट आली, दीड-दोन मिनिटांची असेल, पण मला ती तासाभराची वाटली. फिट्सचे औषध अचानक बंद केले किंवा चुकवले तर झटका येऊ शकतो, हे डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी शांतपणे समजावून सांगितले. फिट चालू असताना माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ रुग्णालयात न्यायचे, हेही त्यांनीच शिकवले. मी त्या पहाटे त्याच्या तोंडात चमचा घालण्याच्या बेतात होतो. मोबाइलवर आठ आणि साडेआठचा गजर तेव्हापासून आहे, तो आजतागायत बंद केलेला नाही.

आता पैशांचे. वडिलांचे कुटुंब निवृत्तिवेतन आईनंतर दादाला सुरू झाले होते, कारण स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते मिळू शकते. मात्र बौद्धिक दिव्यांगत्व असल्यास रक्कम पालकामार्फत दिली जाते. 2017 पासून ती पालक ताई होती. तिच्या मृत्यूबरोबर तिचे पालकत्वही संपले. 20 जूनला, अजून बँकेला काहीच कळवलेले नसताना, मी ताईकडचे कार्ड वापरून दादाच्या खात्यातून चार हजार रुपये काढले. औषधे आणि किराणा आणायचा होता हे खरे, पण माझा त्या खात्यावर काहीही अधिकार नव्हता हेही तितकेच खरे. पुष्कळ घरांत असे सहा-सहा महिने चालते. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन मृत्यूचा दाखला दिला, काढलेल्या रकमेचे लेखी निवेदन दिले, आणि खाते गोठवले गेले. पुढचे सात महिने दादाच्या औषधांचे सुमारे अकराशे आणि कार्यशाळेचे अडीच हजार रुपये माझ्या पगारातून गेले. ज्यांना हे शक्य नसेल त्यांनी निदान नातेवाइकांकडून उसने घ्यावे आणि लिहून ठेवावे. मृत माणसाच्या हातचे कार्ड वापरू नये.

खाते पुन्हा सुरू करायला काय लागेल, हे विचारल्यावर शाखेतून उत्तर मिळाले की न्यायालयाचा आदेश आणा. ओळखीच्या एका वकिलांनी उच्च न्यायालयात अर्ज करण्याचा खर्च सांगितला, तो ऐकून मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी ताईच्या फाइलमध्ये तिचे स्वतःचे पालकत्व प्रमाणपत्र सापडले आणि मार्ग दिसला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे तिच्यात असतात. पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे, आणि तिने दिलेले प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे असे रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच कळवलेले आहे. मी त्या परिपत्रकाची छापील प्रत पुढे फाइलमध्ये सर्वांत वर ठेवली. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि न्यायालयाचा विषय पुन्हा निघाला नाही.

अर्जाला लागणाऱ्या कागदांत अडकलो ते दादाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रापाशी. त्याच्याकडे 2004 सालचे, घडीवर फाटलेले, हाताने भरलेले प्रमाणपत्र होते. आता युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र, लागते आणि त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून सरकारी रुग्णालयातल्या मंडळापुढे जावे लागते. बुद्ध्यांक चाचणीसाठी आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी रांग पाहूनच दादा घाबरला आणि चाचणीला बसेना. दुसऱ्या वेळी वहीत पाहिले, तर ताईने 2017 साली लिहून ठेवले होते: "रांगेत उभे करू नये. बाहेर फिरवावे, नंबर आला की फोन करायला सांगावे. खिशात चार चिंचेच्या गोळ्या." मी चार चिंचेच्या गोळ्या घेऊन गेलो. कार्ड यायला साडेपाच आठवडे लागले.

अर्ज, म्हणजे फॉर्म ए, मी 21 ऑगस्टला दाखल केला. सोबत दादाचे कार्ड, दोघांची आधार कार्डे, फोटो, आईवडिलांचे आणि ताईचे मृत्यूचे दाखले, ताईचे जुने पालकत्व प्रमाणपत्र, माझे संमतीपत्र, आणि काका व आत्या यांच्या ना-हरकती. अर्जाला शुल्क नाही. नोटरी, झेरॉक्स आणि रिक्षा मिळून माझे दोन हजारांच्या आत भागले. ज्यांना कोणी "एजंट" पंधरा हजार सांगत असेल, त्यांनी कोर्टनाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एकदा स्वतः जाऊन चौकशी करावी. मला कागदांची यादी खिडकीवर पाच मिनिटांत मिळाली.

नंतर वाट पाहणे. कायद्याप्रमाणे समितीची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा व्हायची असते, त्यामुळे आपला अर्ज कोणत्या बैठकीला लागतो यावर सगळे अवलंबून असते. त्या काळात मी नाशिकची नोकरी सोडली. बाविसावे वर्ष चालू होते आणि कारखान्यात माझ्या हाताखाली अकरा माणसे होती. वागळे इस्टेटमध्ये मिळालेल्या कामात पगार जवळजवळ एक तृतीयांश कमी होता, पण घरापासून बस वीस मिनिटांची होती आणि मालकांनी चारला निघण्याची मुभा दिली. मुलीची दहावी असल्यामुळे ती आणि बायको नाशिकलाच राहिल्या. शनिवारी संध्याकाळी कधी त्या यायच्या, कधी नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलो.

30 ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, हे माझ्या लक्षातच नव्हते. सकाळी मी डबा भरत होतो. मागे वळून पाहिले तर दादा अंघोळ करून, ताईने इस्त्री करून ठेवलेला पांढरा सदरा घालून, पाटावर बसला होता. पाट त्याने स्वतः मांडला होता. उजवा हात पुढे धरला होता आणि तो कोणाकडेच पाहत नव्हता. मी कळव्याच्या आत्तेबहिणीला फोन केला. ती कामावर जायला निघालेली, तशीच रिक्षाने आली. येईपर्यंत पाऊण तास गेला आणि तेवढा वेळ त्याने हात खाली घेतला नाही. मी मधूनमधून त्याच्या कोपराखाली उशी देत होतो, ती तो काढून टाकत होता. राखी बांधून झाल्यावर तो उठला आणि नेहमीप्रमाणे गाडीची वाट पाहायला खाली गेला. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही.

14 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, समितीच्या वतीने संस्थेच्या एक ताई गृहभेटीला आल्या. या भेटीची भीती बाळगू नये आणि घर सजवूही नये. त्यांनी दादाची झोपायची जागा, औषधांचा डबा आणि न्हाणीघरातला आधाराचा दांडा पाहिला, शेजारच्या काकांशी बोलल्या, आणि मला एकच अवघड प्रश्न विचारला: "तुम्ही आजारी पडलात तर दोन दिवस यांच्याजवळ कोण थांबेल?" माझ्याकडे नाव नव्हते. त्यांनी ते लिहून घेतले नाही, पण पुढच्या भेटीपर्यंत निदान दोन नावे ठरवा असे सांगितले. आत्तेबहीण आणि समोरचे काका, ही ती दोन नावे आता वहीत आहेत, दादाच्या गोळ्यांबद्दलच्या तालमीसह.

बैठक 30 नोव्हेंबरला झाली. दादाला बरोबर आणायला सांगितले होते. अध्यक्षांनी कागद चाळले आणि मग माझ्याकडे बोट दाखवून दादाला विचारले, "हे कोण?"

"धाकटा," दादा म्हणाला.

"यांच्याबरोबर राहायला आवडते का?"

दादाने बराच वेळ विचार केला. "ताई कामाला गेली. धाकटा भात करतो. मीठ कमी."

सगळे हसले, मीही हसलो, आणि समितीतल्या काठी घेऊन आलेल्या गृहस्थांनी न हसता ते वाक्य वहीत उतरवून घेतले. ते मला महत्त्वाचे वाटले. प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, 12 डिसेंबरला हातात पडले. ताई कामाला गेली आहे, हे वाक्य आम्ही घरात दुरुस्त करायचा प्रयत्न पूर्वी दोन-तीनदा केला होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने "गेली" हा शब्द टाळून "ताई मेली, आता येणार नाही" असे स्पष्ट सांगितले, तिचा हार घातलेला फोटो दाखवला. त्याने फोटोला नमस्कार केला आणि साडेपाचला खुर्ची गॅलरीत नेली. आता मी त्या वेळी त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकतो.

प्रमाणपत्र घेऊन बँक आणि जिल्हा कोषागार अशा दोन्हीकडे अर्ज दिले. दोन्हीकडे मूळ प्रमाणपत्र दाखवून साक्षांकित प्रत द्यावी, मूळ कधीही सोडून येऊ नये. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असतो आणि आमचा पालकच ठरलेला नसल्यामुळे तो राहिला होता. तोही त्याच वेळी दिला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन सुरू झाले आणि थकबाकी एकरकमी जमा झाली. त्यातला एक भाग मी दादाच्या नावे मुदत ठेवीत टाकला. प्राप्तिकरातही तेव्हा एक सवलत होती, जी मला नव्या कार्यालयातल्या लेखापालांनी सांगितली: अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडासाठी कलम 80 डीडीखाली 75,000 रुपयांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळत होती, मात्र जुन्या करप्रणालीतच.

घराचा विषय मी सर्वांत शेवटी हाताळला आणि तोच सर्वांत नाजूक निघाला. घर आईच्या नावावर होते. तिच्यानंतर नामनिर्देशित म्हणून सोसायटीच्या दप्तरात ताईचे नाव लागले, आणि घर ताईचे झाले असे सगळे, कदाचित ताईही, समजून होते. प्रत्यक्षात नामनिर्देशित व्यक्ती केवळ विश्वस्तासारखी असते; मालकी वारसांची. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आईचे घर आम्हा तिघांचे होते, आणि अपत्य नसलेल्या ताईला आईकडून आलेला तिसरा हिस्सा कलम 15 प्रमाणे वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे दादाकडे आणि माझ्याकडे, निम्मा-निम्मा आला. म्हणजे आज दादा अर्ध्या घराचा मालक आहे. ही गोष्ट कळल्यावर मला एकाहून अधिक हितचिंतकांनी सुचवले की, तू पालक आहेसच, दादाचा हक्कसोड तुझ्या नावे करून टाक, पुढे इमारतीचा पुनर्विकास होईल तेव्हा एक सही कमी. पालकाने पाल्याची मालमत्ता स्वतःच्याच नावे करून घेणे हे कायद्यात बसत नाही, आणि बसले असते तरी ताईच्या फोटोसमोर मला ते करता आले नसते. सोसायटीत वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, हमीपत्र वगैरे सोपस्कार करून भागपत्रावर, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, दोघांची नावे लावून घेतली. जाहिरात, मुद्रांक आणि वकील मिळून साडेनऊ हजार रुपये गेले. एप्रिल 2024 मध्ये ते भागपत्र आले, त्यावर दादाचे नाव माझ्या आधी आहे.

पालकत्व मिळाले की काम संपते असे मला वाटले होते. तसे नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी फॉर्म सीमध्ये द्यायची असते, आणि त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत जमाखर्च फॉर्म डीमध्ये. म्हणून दादाच्या खर्चाची पावती, मग ती चाळीस रुपयांची का असेना, मी एका डब्यात टाकतो आणि रविवारी वहीत उतरवतो. 20 जूनचे ते चार हजारही पहिल्या ओळीत लिहिले आहेत.

फॉर्म सी मी 10 जून 2024 ला दिला. अर्धे घर, बँकेतली शिल्लक, मुदत ठेव, एवढे लिहून झाल्यावर जंगम मालमत्तेत आणखी काय लिहावे म्हणून मी दादालाच विचारले. त्याने खुर्ची, रेडिओ आणि पाट सांगितले. खिडकीवरच्या बाईंनी एवढे तपशील लागत नाहीत म्हणून सांगितले, पण खोडायलाही लावले नाही.

त्याच आठवड्यात बायको आणि मुलगी सामानासह ठाण्याला आल्या. बायकोला इथे शाळेत अर्धवेळ काम मिळाले आहे, मुलीची अकरावी सुरू व्हायची आहे, आणि भातात मीठ आता बरोबर पडते असे दादाचे मत आहे. ताईच्या निळ्या वहीत सध्या तीन अक्षरे आहेत, ताईचे, माझे आणि बायकोचे, आणि शेवटची सहा पाने उरली आहेत. नवी वही आणायची आहे, तशीच दोनशे पानी. दादाला रंग विचारला तर त्याने हिरवा सांगितला.